कोंडा कुणाला आणि किती? वराहखाद्यातील तंतूंविषयी आमच्या ग्राहकांसाठी

खाद्याच्या गोणीवर प्रथिनांचा आकडा सगळेच बघतात. त्याच्याच खाली 'कच्चे तंतू' असा आणखी एक आकडा असतो, त्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. खाल्लेले अंगी किती लागणार, हे बरेचसे त्यावरही ठरते.

डुकराला गाई-म्हशीसारखे चार कप्प्यांचे पोट नसते. मक्यातला स्टार्च आणि सोयाबीन पेंडीतली प्रथिने लहान आतड्यात पचतात. कोंड्यातले तंतू फोडणारे पाचकरस मात्र डुकराच्या शरीरात तयारच होत नाहीत. हे तंतू मोठ्या आतड्यात उतरतात, तिथे ते दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ राहतात आणि जिवाणू ते आंबवतात. त्यातून निघणारी आम्ले रक्तात जाऊन ऊर्जा देतात. यातल्या ब्युटिरिक आम्लावर आतड्याचे अस्तर पोसते. तरीही ही ऊर्जा स्टार्चपेक्षा कमीच असते.

म्हणून कोंडा कुणाला घालायचा, हे आधी ठरवा. नुकत्याच दूध तोडलेल्या पिल्लांचे मोठे आतडे या कामाला तयार नसते. कोंडा जास्त झाला की पोट लवकर भरते, पण वाढ खुंटते. थोडा गव्हाचा कोंडा त्यांना चालतो, हगवण आटोक्यात राहायला त्याची मदतही होते. विक्रीच्या डुकरांना कोंडा वाढवला तर आतडी मोठी आणि जड होतात. काट्यावर वजन दिसते, पण कापल्यावर मांसाचा उतारा घटतो.

गाभण मादीचे गणित अगदी वेगळे. तिला चरबी चढू नये म्हणून खाद्य मोजून देतात, त्यामुळे ती भुकेली राहते आणि गज चावत बसते. कोंड्याने तिचे पोट भरलेले राहते. विण्याच्या आधी होणारे बद्धकोष्ठही कमी होते, मात्र पाणी भरपूर हवे. शिवाय मोठ्या मादीचे आतडे पिल्लापेक्षा कितीतरी जास्त तंतू आंबवू शकते. आम्हाला विचाराल तर कोंड्याचा खरा मान तिचाच.

भारतीय मानकानुसार कच्चे तंतू लहान पिल्लांच्या खाद्यात 5 टक्के, वाढीच्या खाद्यात 6 टक्के आणि विक्रीपूर्व खाद्यात 8 टक्क्यांपर्यंत चालतात. पण हा आकडा पूर्ण चित्र दाखवत नाही. तपासणीत नमुना आम्लात आणि अल्कलीत उकळतात, त्यात बरेच तंतू विरघळून जातात. गव्हाच्या कोंड्यात कच्चे तंतू 10-11 टक्के दिसतात, प्रत्यक्षात पेशीभित्तीचा, म्हणजे एकूण तंतूंचा, भाग 40 टक्क्यांच्या आसपास असतो.

भाताचा तूस तर घालूच नका. त्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) आणि सिलिका (वाळूत असते ते खनिज) असते, ती जिवाणूंनाही पचत नाही. भाताच्या कोंड्यात तूस मिसळलेला असेल तर मूठभर कोंडा तळहातावर चोळून बघा: चांगला कोंडा मऊ लागतो, तूस टोचतो.

खाद्य बदलताना जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत आठवडा-दहा दिवस घ्या. नव्या तंतूंची सवय व्हायला जिवाणूंना वेळ लागतो. रोज सकाळी विष्ठेकडेही नजर टाका. त्यात मक्याचे अख्खे कण दिसले तर दोष कोंड्याचा नाही, दळण जाड आहे. अशा वेळी आम्हाला कळवा, पुढच्या खेपेला बारीक जाळी लावून देऊ. मागणी नोंदवताना पिल्ले, वाढीची डुकरे आणि गाभण माद्या यांची संख्या वेगवेगळी सांगा, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळे मिश्रण भरता येईल.