इंग्लंडमध्ये झाडाखाली दफन: अर्ज कोण करू शकतं, कोणते कागद लागतात

इंग्लंडमधल्या मराठी घरांत अंत्यविधीचा विषय निघाला की बोलणं बहुधा क्रिमेटोरियमपाशीच, म्हणजे दहनगृहापाशीच थांबतं. पण माती देण्याची रीतही आपल्यात जुनी आहे. लिंगायत घरांत दफनच होतं, संन्याशाला भूसमाधी देतात, तान्ह्या बाळाला पुरतात. वसई-नगरकडची ख्रिस्ती कुटुंबं आणि कोकणी मुसलमान यांच्याकडे तर दफनाचीच रीत आहे. शिवाय संगमरवरी कबर, काँक्रीटचा चौथरा यातलं काहीही नको, सरळ मातीत मिसळून जाऊ दे, असं म्हणणारी माणसंही आता भेटतात. अशांसाठी इथे वूडलँड बरिअल, म्हणजे वनदफनाची सोय आहे. देह किंवा अस्थी कुजणाऱ्या पेटीत किंवा कापडात ठेवून रानात किंवा कुरणात पुरायच्या, वर दगडाऐवजी झाड लावायचं किंवा रानगवत तसंच वाढू द्यायचं.

सुरुवात १९९३ साली कार्लाइल शहराच्या सार्वजनिक दफनभूमीत झाली. तिथले व्यवस्थापक केन वेस्ट यांनी जमिनीचा एक भाग ओकच्या झाडांसाठी राखला आणि तिथे दफनं सुरू केली. आज ब्रिटनमध्ये अशा दोनशेहून अधिक जागा आहेत. काही काउन्सिलच्या (म्हणजे स्थानिक नगर प्रशासनाच्या), काही शेतकऱ्यांच्या, काही धर्मादाय संस्थांच्या.

खाली दिलेली माहिती इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत. तिथे मृत्यूची नोंद ८ दिवसांत करायची असते.

कायदा थोडा, जागेच्या अटी जास्त

इथला कायदा दफनाबद्दल फार कमी मागतो. फ्युनरल डायरेक्टर, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक, नेमलाच पाहिजे असं नाही. कॉफिन सक्तीचं नाही, फक्त देह सार्वजनिक ठिकाणी उघडा दिसता कामा नये. देह टिकावा म्हणून त्याला रसायन टोचणंही (एम्बामिंग) सक्तीचं नाही. ‘सहा फूट खोल’ हाही गैरसमज. काउन्सिलच्या दफनभूम्यांना १९७७ चा आदेश लागू आहे. त्यानुसार पेटीचा वरचा भाग जमिनीच्या पातळीपासून किमान ३ फूट खाली हवा, आणि माती योग्य असेल तर २ फूटही चालतो. वनदफनात खड्डा मुद्दाम उथळ ठेवतात, कारण माती जिवंत असते ती वरच्या थरात.

खासगी जागांना हा आदेश लागू होत नाही. त्या चालतात नियोजनाच्या परवानगीवर, पर्यावरणाच्या नियमांवर आणि तुमच्याशी केलेल्या करारावर. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: कागदपत्रांची धास्ती घेऊ नका, ती एकामागून एक होत जातात. वेळ द्यायचा तो जागेच्या अटी वाचायला, आणि तोही माणूस हयात असताना.

पात्रता

धर्म, जात, नागरिकत्व, व्हिसा यांचा इथे संबंध नाही. भेटीला आलेल्या आईवडिलांपैकी कुणाचं इथे निधन झालं, तरी त्यांचं दफन होऊ शकतं. रहिवासाचा प्रश्न येतो तो पैशांत. बऱ्याच काउन्सिल आपल्या हद्दीबाहेरच्या माणसासाठी दुप्पट, कधी तिप्पट शुल्क घेतात. आणि हद्दीतलं कोण हे मृताच्या पत्त्यावरून ठरतं, अर्ज करणाऱ्या मुलाच्या पत्त्यावरून नाही. आई शेवटची काही वर्षं दुसऱ्या गावच्या केअर होममध्ये असेल, तर तिचा पत्ता कोणता धरणार हे आधीच विचारून घ्या. काही काउन्सिल अशा माणसाला सवलत देतात.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अनेकांना माहीत नसते. आपल्या देहाचं काय करायचं याबद्दल माणसाने लिहून ठेवलेली इच्छा इंग्लंडमध्ये कायद्याने बंधनकारक नाही. निर्णय एक्झिक्युटरचा, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला त्यात नेमलेल्या माणसाचा. मृत्युपत्र नसेल तर जवळच्या वारसाचा. वडिलांना झाडाखाली जायचं असेल आणि एक्झिक्युटर असलेल्या थोरल्या भावाला दहनच योग्य वाटत असेल, तर भावाचा शब्द चालतो. म्हणून इच्छा लिहा, पण त्याहीपेक्षा एक्झिक्युटरला समोर बसवून सांगा. तो अमेरिकेत किंवा पुण्यात असेल तर फोनवर सांगा, पण सांगा.

मृत्यूनंतरचे कागद, क्रमाने

९ सप्टेंबर २०२४ पासून पद्धत बदलली आहे. उपचार करणारे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र भरतात, मेडिकल एग्झामिनर (मृत्यूचं कारण पडताळणारे स्वतंत्र डॉक्टर) ते तपासतात, त्यांच्या कार्यालयातून घरच्यांशी बोलणं होतं आणि मग प्रमाणपत्र थेट रजिस्ट्रारकडे जातं. तुम्ही ते घेऊन फिरायचं नाही. ते रजिस्ट्रारला मिळालं की ५ दिवसांच्या आत नोंद करायची. नोंदीला नातेवाईक जाऊ शकतो, मृत्यूच्या वेळी हजर असलेली व्यक्ती जाऊ शकते किंवा अंत्यविधीची जबाबदारी घेणारी व्यक्ती. फ्युनरल डायरेक्टर जाऊ शकत नाही.

सोबत पासपोर्ट, जन्माचा आणि लग्नाचा दाखला, काउन्सिल टॅक्सचं बिल, यातलं असेल ते न्या. सगळं नसलं तरी नोंद अडत नाही. रजिस्ट्रार पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, व्यवसाय, लग्नाआधीचं आडनाव विचारतात. आपल्याकडे लग्नानंतर नाव आणि मधलं नाव दोन्ही बदलतात, आणि वेगवेगळ्या कागदांवर स्पेलिंगही वेगळं असतं. बँक, पेन्शन आणि भारतातली मालमत्ता या सगळ्या ठिकाणी हाच दाखला लागणार आहे. तेव्हा सही करण्याआधी प्रत्येक अक्षर तपासा, नंतरची दुरुस्ती त्रासाची असते. प्रती जास्त घ्या.

नोंद झाली की रजिस्ट्रार ‘ग्रीन फॉर्म’ देतात, म्हणजे दफन किंवा दहनाचं प्रमाणपत्र. त्याला शुल्क नाही. प्रकरण कॉरोनरकडे (अनैसर्गिक किंवा कारण न कळलेल्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) असेल आणि चौकशी सुरू असेल, तर याऐवजी कॉरोनरचा दफनाचा आदेश लागतो. दोन्हींपैकी एक कागद हातात आल्याशिवाय कुठलीही जागा दफन करू देणार नाही. दफन झाल्यावर या प्रमाणपत्राचा खालचा भाग भरून ९६ तासांच्या आत रजिस्ट्रारला परत पाठवावा लागतो. हे काम सहसा दफनभूमी करते, पण एकदा विचारून खात्री करा.

जागेचा अर्ज

जागेकडे दोन गोष्टी असतात. एक दफनाच्या सूचनेचा फॉर्म. त्यात मृताचं नाव, वय, पत्ता, मृत्यूची तारीख, दफनाचा दिवस-वेळ, पेटीचं बाहेरून मोजलेलं माप आणि प्लॉटचा क्रमांक असतो. वेताच्या पेट्या कडेला फुगीर असतात, म्हणून माप विणणाऱ्याकडून नीट घ्या. दुसरा कागद दफनाच्या विशेष हक्काचा. इथे जमीन विकत मिळत नाही. मिळतो तो त्या तुकड्यात दफन करण्याचा हक्क, ठरावीक वर्षांसाठी. काउन्सिलच्या जागेत तो एका वेळी जास्तीत जास्त १०० वर्षांचा असतो.

हा हक्क कुणाच्या नावावर आहे यावर पुढे सगळं अवलंबून असतं. हक्कधारकाच्या लेखी संमतीशिवाय त्या तुकड्यात दुसरं दफन होत नाही. बाबांनी दोघांसाठी शेजारशेजारचे दोन तुकडे घेतले, दोन्ही त्यांच्याच नावावर, आणि ते आधी गेले, तर आईच्या वेळी हक्क वारसाच्या नावावर करावा लागतो. त्यासाठी प्रोबेट (मृत्युपत्र ग्राह्य धरल्याचा कोर्टाचा दाखला) किंवा शपथेवर केलेलं निवेदन लागतं. दुःखाच्या दिवसांत ही धावपळ नको असेल तर सुरुवातीलाच दोघांच्या नावे घ्या.

सही करण्याआधी वाचायच्या अटी

पेटी वेत, बांबू, पुठ्ठा, लोकर किंवा पॉलिश नसलेल्या लाकडाची. कापडात गुंडाळून ठेवायचं असेल तर बहुतेक ठिकाणी खाली फळी मागतात. रसायन टोचलेला देह अनेक जागा घेत नाहीत, त्यामुळे नातेवाईक भारतातून येईपर्यंत थांबायचं असेल तर शीतगृहाची सोय करा आणि फ्युनरल डायरेक्टरला पहिल्याच दिवशी बजावून ठेवा.

अंगावरचे कपडे नैसर्गिक धाग्यांचे. सुती नऊवारी चालते, पॉलिएस्टरची साडी नाही. जरीच्या पैठणीत धातूचा किंवा प्लास्टिकचा धागा असतो, तेव्हा विचारल्याशिवाय नेसवू नका. फुलांच्या हारात चमकी किंवा नायलॉनचा दोरा नको. हळद, कुंकू, तुळस, गंगाजल यांना हरकत घेण्याचं कारण नाही. समई, अगरबत्ती, कापूर यांचा प्रश्न येतो, कारण उन्हाळ्यात रानात आग नको असते. दहाव्याचा पिंड तिथेच ठेवायचा असेल तर तेही आधी सांगा. लिंगायत रीतीने देह बसवून ठेवायचा असेल तर खड्ड्याची खोली आणि रुंदी वेगळी लागते. हा पहिल्याच फोनमध्ये विचारायचा प्रश्न आहे.

दगड, फोटो, कठडा, कृत्रिम फुलं, वाऱ्यावर वाजणारी घंटी, यातलं काही चालत नाही. काही ठिकाणी छोटी लाकडी पाटी लावता येते, काही ठिकाणी तीही नाही. तुकडा कुठे आहे हे नकाशावरून किंवा जमिनीतल्या खुणेवरून कळतं. ही अट मनाला पटते का, हे घरातल्या सगळ्यांना विचारा. खूण नसलेल्या जागी उभं राहणं सगळ्यांना झेपत नाही.

एकदा दिलेली माती परत उकरता येत नाही असं समजूनच चाला. देह हलवायचा तर १८५७ च्या कायद्यानुसार न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि चर्चने अभिमंत्रित केलेली जमीन असेल तर चर्चची परवानगी. ‘आत्ता इथे ठेवू, नंतर गावी नेऊ’ हे वनदफनात शक्य नाही.

पैशांची मदत

१८ वर्षांखालील मुलाच्या किंवा २४ आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या बाळाच्या दफनाचं शुल्क इंग्लंडमध्ये सरकारचा बालकांचा अंत्यविधी निधी भरतो. पालकांचं उत्पन्न पाहत नाहीत. मोठ्यांसाठी, अर्जदाराला ठरावीक सरकारी भत्ते मिळत असतील तर, अंत्यविधी खर्चाची मदत मिळू शकते. तिचा अर्ज अंत्यविधीनंतर ६ महिन्यांच्या आत करावा लागतो.

स्वतःच्या जमिनीत

घरामागच्या जमिनीत एखाद-दुसरं दफन इथे करता येतं. मात्र पिण्याच्या पाण्याची विहीर, झरा किंवा बोअर २५० मीटरच्या आत नको, इतर झरा किंवा ओढा ३० मीटरच्या आत नको, शेतातला निचऱ्याचा पाट १० मीटरच्या आत नको, आणि खड्ड्यात पाणी साचता कामा नये. दफनाची नोंद ठेवावी लागते आणि घराच्या कागदपत्रांसोबत जागेचा नकाशा जोडावा. घर विकलं की तिथे जायला नव्या मालकाची परवानगी लागेल. एवढ्यासाठीच मी हा मार्ग कुणाला सुचवत नाही.

झाडाबद्दल

पानगळ झालेली रोपं नोव्हेंबर ते मार्चमध्ये लावतात. मे महिन्यात दफन झालं तर झाड हिवाळ्यात येईल, आणि तोवर तिथे फक्त मातीचा उंचवटा दिसेल. काही जागा प्रत्येक दफनावर झाड लावतात, काही एकत्र राईच वाढवतात. झाड कोणतं असेल, ते जगलं नाही तर दुसरं लावणार का, आणि लागवडीच्या दिवशी घरच्यांना बोलावणार का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं करारासोबत लेखी मागून घ्या.