लकी ड्रॉचं कूपन आणि स्पर्धेची एन्ट्री फी, फरक नेमका कुठे?

रत्नागिरी-चिपळूणकडे कॉलेजचं गॅदरिंग जवळ आलं की पैसे जमवायचा विषय निघतोच, कुणा मुलाची फी भरायची असते नाहीतर लायब्ररीला पुस्तकं हवी असतात, आणि मग एकजण म्हणतो २० रुपयांचं कूपन काढूया, पहिलं बक्षीस मिक्सर, दुसरा म्हणतो नको, रांगोळी स्पर्धा ठेवू, ५० रुपये एन्ट्री. ऐकताना दोन्ही सारखंच वाटतं. लोक पैसे देणार, कुणाला तरी बक्षीस मिळणार, उरलेले आपल्या कामाला. पण यातलं पहिलं सरळ सरळ लॉटरी आहे.

पैसे भरून भाग घेतला, बक्षीस आहे, आणि कोण जिंकणार ते फक्त नशीब ठरवतंय, एवढं जुळलं की झाली लॉटरी, मग कूपनवर 'सहकार्य पावती' छापा नाहीतर 'देणगी'. सरकारी किंवा राज्य सरकारने परवानगी दिलेली नसेल अशा लॉटरीची सोडत काढायला जागा चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तिची जाहिरात केली तर वेगळा ५००० रुपयांपर्यंत दंड, म्हणून ग्रुपवर पोस्टर फिरवायच्या आधीच थांबा. आणि 'पैसे चांगल्या कामाला जाणारेत ना' म्हणून त्या कलमात कुठेच सूट नाहीये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण आपली पोरं नेमकी याच भरवशावर असतात.

स्पर्धेचं तसं नाही. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जिथे जिंकणं मुख्यतः कौशल्यावर असतं तो जुगार नाही. रांगोळी, वक्तृत्व, कॅरम, उकडीचे मोदक, काहीही ठेवा, फी घ्या, फक्त परीक्षक आणि गुण कशाला ते आधी लिहून लावा.

गोची होते ती मधल्या प्रकारांत. हौजीचं तिकीट विकलंत तर नंबर नशिबानेच निघतात ना, मग ते कूपनच झालं. रांगोळीत दोघांना सारखे गुण पडले आणि तुम्ही चिठ्ठी टाकलीत तर तिथेही नशीब घुसलं, त्यापेक्षा बक्षीस वाटून द्या. सोडत हवीच असेल तर चिठ्ठी गेटवर येणाऱ्या प्रत्येकाला फुकट द्या, आणि पैसे वडापाव-सरबताच्या स्टॉलवर कमवा, पण 'स्टॉलवर १०० चं खाल्लं की एक चिठ्ठी' असं केलंत की परत पहिल्या जागी आलात.

बाहेर गावात फिरून वर्गणी गोळा करणार असाल तर धर्मादाय आयुक्तांकडची कलम ४१ क ची परवानगी बघून ठेवा, गणपती मंडळं घेतात तीच.

मला विचाराल तर पावणी करा, म्हणजे लिलाव. सत्यनारायणाच्या पूजेला करतो तशीच, नारळ, केळ्यांचा घड, कुणाच्या आईने दिलेली फणसपोळी, सगळं मांडायचं आणि बोली लावायची, जो जास्त बोलेल त्याची वस्तू, नशिबाचा प्रश्नच येत नाही. पहिला नारळ ५१ पासून सुरू करा आणि माजी विद्यार्थ्यांना पुढच्या रांगेत बसवा.