रुपया घसरला तर तोटा कोणाचा? अनिवासी खात्यांची पार्श्वभूमी

आखातात किंवा बोटीवर असलेल्या गोंयकाराला बँकेत आज तीन खाती सुचवली जातात: एनआरई (परदेशी कमाईचे रुपया खाते), एनआरओ (भारतातल्या उत्पन्नाचे रुपया खाते) आणि एफसीएनआर (परकीय चलनातली मुदत ठेव). माहितीपत्रकात त्यांच्यातला फरक व्याज आणि करमाफी एवढाच दिसतो. पण ही खाती निघाली ती वेगळ्याच अडचणीतून. देशाला डॉलर हवे होते आणि रुपया घसरला तर तोटा कोणी सोसायचा, हे ठरवायचे होते.

गोव्यात हा प्रश्न उशिरा आला. १९६१ पर्यंत इथला पैसा लिस्बनशी बांधलेला होता. नोटा बांको नासियोनाल उल्त्रामारिनु ही पोर्तुगीज बँक काढी आणि १९५९ पासून रुपियाच्या जागी इश्कुद हे पोर्तुगीज चलन आले. मुक्तीच्या तोंडावर या बँकेने लोकांचे तारण ठेवलेले दागिने लिस्बनला हलवले. ते परत आले थेट १९९१ मध्ये. योगायोग असा की, त्याच वर्षी भारत सरकारवर स्वतःचे सोने परदेशात गहाण टाकायची वेळ आली होती.

आखातात तेव्हा भारतीय रुपयाच चालत असे. त्या वाटेने सोन्याची तस्करी होऊन परकीय गंगाजळी आटू लागली, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या. ६ जून १९६६ रोजी अवमूल्यन झाले आणि डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. एका रात्रीत आपल्या हातातल्या नोटांची किंमत उतरते, हे पाहून तोवर रुपया वापरणाऱ्या बहुतेक आखाती राज्यांनी तो सोडला. तिथली कमाई खऱ्या अर्थाने परकीय चलनातली झाली ती तेव्हापासून.

१९७० मध्ये एनआरई खाते आले. पैसा बाहेरून येतो, खात्यात रुपये होऊन राहतो आणि हवा तेव्हा परत नेता येतो. मेख अशी की, येताना बँकेचा खरेदीचा दर लागतो, जाताना विक्रीचा. मधल्या काळात रुपया घसरला तर तोटा खातेदाराचा. ज्याला पैसे गोव्यातच घरासाठी खर्चायचे आहेत त्याला याची फिकीर नाही. परत बाहेर न्यायचे असतील त्याने मात्र या खात्यात मोठी रक्कम अडकवू नये.

तो धोका नको असलेल्यांसाठी १९७५ मध्ये पौंड आणि डॉलरमधली एफसीएनआर ठेव निघाली. डॉलर ठेवा, मुदत संपल्यावर डॉलर घ्या. धोका काही नाहीसा झाला नाही. तो रिझर्व्ह बँकेने आपल्या अंगावर घेतला, आणि पुढे तोच महागात पडला. ऑगस्ट १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये घुसला. हजारो गोवेकरांसह भारतीय परतले, तिथून येणारा पैसा थांबला, तेल भडकले आणि बाहेरच्या ठेवीदारांनी ठेवी काढायला सुरुवात केली. जुलै १९९१ च्या अवमूल्यनात डॉलर सुमारे २१ रुपयांवरून २६ च्या घरात गेला. म्हणजे दहा हजार डॉलरच्या ठेवीमागे मुद्दलातच पन्नास हजार रुपयांचा खड्डा, आणि तो भरायचा सरकारी तिजोरीतून. म्हणून १९९३ मध्ये एफसीएनआर (बी) आली. तिच्यात विनिमयाचा धोका ठेव घेणाऱ्या बँकेचा. जुनी योजना १९९४ मध्ये बंद झाली.

अपवाद एकदा झाला. २०१३ च्या शरद ऋतूत रुपया कोसळत असताना रिझर्व्ह बँकेने बँकांना वर्षाला ३.५ टक्के ठरीव दराने या ठेवींतले डॉलर रुपयांत बदलून दिले आणि मुदतीअखेर डॉलर परत द्यायचे ठरवले, म्हणजे धोका पुन्हा आपल्या अंगावर घेतला. त्या खिडकीतून सुमारे २६ अब्ज डॉलर आले आणि तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, परत गेले.

आज एफसीएनआर (बी) ठेव किमान एक, कमाल पाच वर्षांची असते. वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य, आणि ते बँकेच्या मर्जीवर नाही, नियमच तसा आहे. व्याज ३६० दिवसांचे वर्ष धरून काढतात. दिरहम कमावणाऱ्याने सहसा डॉलरच निवडावा. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे अदलाबदलीत फक्त बँकेचे कमिशन जाते.

तारवटींचे, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचे, दुखणे वेगळे. पगार परदेशी कंपनीकडून, काम समुद्रावर, पण रक्कम थेट गोव्यातल्या एनआरई खात्यात. ‘भारतात मिळालेले उत्पन्न’ म्हणून त्यावर कर लावण्याच्या नोटिसा निघू लागल्या. एप्रिल २०१७ च्या परिपत्रकात प्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केले की, अनिवासी खलाशाचा असा पगार केवळ एनआरई खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही. त्यातला अनिवासी हा शब्द महत्त्वाचा. अनिवासी ठरवणारे दिवस सीडीसीवरच्या (खलाशाच्या नोंदवहीतल्या) साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या, म्हणजे बोटीवर चढल्या-उतरल्याच्या, तारखांवरून मोजतात. घरी काढलेले दिवस वाढले तर परिपत्रक कामाला येत नाही.

सर्वांत जास्त घोळ मात्र होतो गावच्या शाखेतल्या जुन्या बचत खात्याचा. परदेशी नोकरीला गेल्यावर ते एनआरओ करून घ्यावे लागते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तर नवा पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयाचे) कार्डही द्यावे लागते. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर अधिभार, उपकर कापून जातो, म्हणून लोक टाळाटाळ करतात आणि घर विकायच्या वेळी अडकतात. तशीच दुसरी चूक: एनआरईत आईचे नाव जोडले म्हणजे ती पैसे काढू शकेल असे समजणे. निवासी नातलगाचे नाव ‘पहिला किंवा हयात’ या अटीवर लागते. खातेदार हयात असेपर्यंत तिला मुखत्यारपत्राशिवाय हात लावता येत नाही.

कायमचे परतल्यावर फेमानुसार (परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार) निवासाचा दर्जा तेव्हाच बदलतो, प्राप्तिकर मात्र दिवस मोजतो. एनआरई खाते लगेच साधे करावे किंवा १९९२ पासून उपलब्ध असलेल्या आरएफसी (परतलेल्या निवासीच्या परकीय चलनाच्या) खात्यात वळवावे, कारण एनआरईच्या व्याजाची करमाफी तिथेच संपते. एफसीएनआर मुदतीपर्यंत चालू राहते आणि करदाता ‘निवासी पण सामान्य निवासी नाही’ या दर्जात असेपर्यंत तिचे व्याज करमुक्त असते. दुबईचे खातेही बंद करावे लागत नाही. बाहेर राहताना कमावलेले बाहेर ठेवायची मुभा फेमाने दिली आहे. फक्त सामान्य निवासी झाल्यावर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावे लागते, आणि तिथे आर्थिक नव्हे, कॅलेंडर वर्ष धरतात.