मधाचा वास येतो कुठून?

मधात सुमारे 80 टक्के साखर आणि 17-18 टक्के पाणी. साखरेत मुख्य वाटा फ्रुक्टोज आणि ग्लुकोजचा, आणि दोघांनाही वास नाही. तरी जांभळाचा मध आणि कारवीचा मध निराळे लागतात. हा वेगळेपणा मुख्यतः उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत असतो, आणि वास तर त्यातल्याही कणभर भागाचा. मधात अशी उडून जाणारी 600हून जास्त संयुगं सापडली आहेत.

संत्र्याचा मध घ्या. लिंबूवर्गीय फुलांच्या मकरंदात मिथाइल अँथ्रानिलेट हे वासाचं संयुग असतं. मधात ते किलोमागे जेमतेम काही मिलिग्रॅम उतरतं. द्राक्षाच्या स्वादाच्या गोळ्यांतही बहुधा हेच घातलेलं असतं. (पाखरांना मात्र ते सोसत नाही. अमेरिकेत पिकांवरून पक्षी हुसकायला त्याची फवारणी करतात.) या मधात संत्र्याचे परागकण तसे कमीच सापडतात, त्यामुळे नुसते पराग मोजून मध कशाचा हे ठरवणं अवघड जातं. तिथे हे संयुग तपासणाऱ्यांच्या कामी येतं.

फुलाचा वास जसाच्या तसा बाटलीत येतो, असं मात्र नाही. संत्र्याच्या फुलात लिनालूल हे सुवासिक संयुग भरपूर असतं. मधात ते घटलेलं दिसतं आणि त्यापासून बनणारी लायलॅक आल्डिहाइडं पुढे येतात. कुठल्याही मधाला 'मधासारखा' वास देणाऱ्यांपैकी एक म्हणजे फिनाइलअ‍ॅसिटाल्डिहाइड. ते फिनाइलअ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लापासून तयार होतं. आंबटपणाची सोय माशीच करते: तिच्या ग्रंथींतलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल बनवतं. सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, म्हणून कच्च्या मधात जंतूंचं फारसं फावत नाही.

थंडीत मध गोठला की लोक भेसळीचा संशय घेतात आणि बाटली उकळत्या पाण्यात धरतात. संशय बहुतेकदा फुकाचा असतो, कारण गोठतं ते ग्लुकोज. नुकसान होतं ते उकळण्याने. हलकी संयुगं उडून जातात आणि फ्रुक्टोजपासून हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल, म्हणजे एचएमएफ, वाढू लागतं. ते जुन्या किंवा तापवलेल्या मधाची खूण. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात त्याची मर्यादा किलोमागे 40 मिलिग्रॅम आहे; उष्ण कटिबंधातल्या मधाला 80, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते न तापवताही वाढतं. गोठलेला मध पातळ करायचाच तर कोमट पाण्यात बाटली ठेवून थोडी वाट पाहिली की पुरतं.