एक किलो, चार वह्या

अमुक कंपनीने, तमुक महापालिकेने ‘नेट झिरो’ (जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच काढून घेऊ, असं वचन) जाहीर केलं, अशी बातमी आली की कुणीतरी हमखास बेरीज मांडतं. एवढ्या कंपन्या, एवढी शहरं, म्हणजे उत्सर्जन एवढं घटणार! ही बेरीज चुकते, आणि का चुकते ते पाहण्यासारखं आहे.

कोळशावर एक युनिट वीज तयार होताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ती वीज एका कारखान्याने वापरली. मग हा किलो कुणाच्या नावावर? ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल नावाची हिशेबाची पद्धत २००१ मध्ये आली. तिच्यानुसार वीजकेंद्राच्या वहीत तो स्कोप १, म्हणजे स्वतःच्या धुराड्यातला. कारखान्याकडे स्कोप २, विकत घेतलेल्या विजेचा. कारखान्याचा माल घेणाऱ्या कंपनीकडे तोच स्कोप ३. शिवाय कारखाना ज्या शहरात आहे तेही आपल्या हिशेबात तो धरतं. यात लबाडी कुणाचीच नाही. ज्याला तो किलो कमी करण्यासाठी काही करता येईल, त्याने तो मोजावा, असाच हेतू आहे. घोळ होतो तो चारही वह्यांची बेरीज केल्यावर. हवेत किलो एकच असतो. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू झाली तेव्हा त्याचे दशलक्षात ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर गेलेत.

एकत्र येण्याचा फायदाही इथेच आहे. कारखान्याने सौर वीज मागितली, पालिकेने परवानग्यांची अडवणूक थांबवली आणि नागरिक संघटनांनी दोघांचे आकडे तपासले, तर किलो खरोखर टळतो. तपासणी हवीच. कॅथरीन मॅकेना यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये बजावलं की नेट झिरोचा दावा करणाऱ्याने स्कोप ३ वगळू नये. रोपं लावून पाप धुण्याचं नवं कर्मकांड तर सोडाच. किलो आज सुटतो, रोप तो वर्षानुवर्षं शोषतं आणि वणवा लागला की परतही करतं.

आता जरा किचकट भाग. युरोपात २००५ पासून वीजकेंद्रांच्या उत्सर्जनाला एकत्रित कमाल मर्यादा आहे आणि तेवढ्याच उत्सर्जनाचे परवाने बाजारात असतात. शहराने वीज वाचवली की वीजकेंद्राकडे परवाने उरतात, ते दुसरा कुणी घेतो, एकूण धूर तेवढाच! म्हणून २०१९ पासून जादा परवान्यांचा काही भाग राखीव साठ्यात ओढला जातो, आणि २०२३ पासून त्या साठ्यातले ठरावीक मर्यादेपलीकडचे परवाने रद्दच होतात. तेव्हा कुठे शहराच्या बचतीतला थोडा हिस्सा हवेत दिसू शकतो.