राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य: अधिक कडक काय?

‘उद्यान’ म्हटले की बाके, कारंजी आणि घसरगुंडी डोळ्यांपुढे येते, तर ‘अभयारण्य’ या शब्दातच दरारा आहे. त्यामुळे राष्ट्रीय उद्यान फिरायला मोकळे आणि अभयारण्य अधिक कडक, असा समज सर्रास आढळतो. कायद्यात स्थिती नेमकी उलटी आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 पाहिला, तर या दोहोंतील खरा फरक स्थानिकांच्या हक्कांत आहे. अभयारण्य घोषित होताना जिल्हाधिकारी मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून जमिनीवरचे जुने हक्क पुढे चालू ठेवू शकतात. राष्ट्रीय उद्यानाच्या बाबतीत कलम 35 ने नेमकी हीच तरतूद वगळली आहे. अभयारण्यात गुरचराईचे नियमन करता येते, राष्ट्रीय उद्यानात तिला मुभाच नाही. मात्र वनवासींचे जंगलावरचे हक्क मान्य करणाऱ्या 2006 च्या वनहक्क कायद्यातील वनजमिनीच्या व्याख्येत दोन्ही येतात, म्हणजे ते हक्क राष्ट्रीय उद्यानातही मागता येतात, आणि चर्चेत ही गोष्ट फार वेळा विसरली जाते.

भीमाशंकर अभयारण्यात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे, ज्योतिर्लिंग आहे, आणि श्रावणात व महाशिवरात्रीला तिथे भाविकांची रीघ लागते. तिथला शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, जमिनीवर क्वचितच उतरतो. तो फांदीवरून फांदीवर उड्या मारत जातो, म्हणून रस्ता रुंद करताना किंवा वाहनतळासाठी दोन्ही बाजूंच्या झाडांचे जुळलेले शेंडे तुटले, की त्याची वाटच तुटते. माणसांना बाहेर काढून हा प्रश्न सुटणार नाही, आणि तसे करणे न्याय्यही नाही; गावकरी आणि देवस्थान यांना बरोबर घेऊनच तिथे जंगल राखावे लागते.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे. सकाळी फेरफटका मारणाऱ्यांना आणि कान्हेरी लेणी पाहायला येणाऱ्यांना त्यातला थोडासाच भाग दिसतो, आणि तोच बागेसारखा असल्यामुळे गैरसमज पक्का होतो. बिबट्यांचे रान त्यापलीकडे आहे, आणि ते पर्यटकांना बंद असणेच योग्य आहे.

पर्यटकापुरते पाहिले, तर प्रवेशाचा नियम दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आहे: पर्यटन, अभ्यास किंवा छायाचित्रणासाठी परवाना घ्यावा लागतो. सार्वजनिक महामार्गावरून जाणाऱ्याला तो लागत नाही. कर्नाळा पक्षी अभयारण्यातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. त्यावरून पुढे निघून जाणारा प्रवासी या सवलतीत बसतो, गाडी थांबवून झाडीत शिरणारा बसत नाही.