परदेश प्रवासातील चलनविनिमय

एका देशाच्या चलनात असलेला पैसा दुसऱ्या देशात खर्च करता यावा म्हणून प्रवासी जे व्यवहार करतो, त्यांना प्रवासातील चलनविनिमय असे म्हणता येईल. नोटा बदलून घेणे हा त्यांतील सर्वांत जुना आणि उघड दिसणारा प्रकार होय. परंतु परदेशातील एटीएममधून रोकड काढणे, दुकानात कार्डाने पैसे देणे, परकीय चलन आधीच भरून ठेवलेले प्रीपेड कार्ड वापरणे आणि शिल्लक चलन परत विकणे हेही विनिमयाचेच प्रकार आहेत. दर कोण ठरवतो, तो कोणत्या क्षणी ठरतो आणि मध्यस्थाचा नफा कोठे धरलेला असतो, यांवर प्रत्येक प्रकारात प्रवाशाला पडणारा खरा खर्च अवलंबून असतो.

वृत्तपत्रांत किंवा संकेतस्थळांवर दिसणारा विनिमय दर हा बहुधा मोठ्या बँकांच्या आपसांतील खरेदी आणि विक्री दरांचा मध्य असतो. प्रवाशाला तो क्वचितच मिळतो. विनिमय केंद्राच्या फलकावर प्रत्येक चलनापुढे दोन दर लिहिलेले असतात आणि त्यांची नावे केंद्राच्या बाजूने ठेवलेली असतात : ‘खरेदी’ म्हणजे केंद्र ज्या दराने परकीय चलन घेते तो, आणि ‘विक्री’ म्हणजे ज्या दराने ते देते तो. एखाद्या चलनाचा खरेदी दर ९६ आणि विक्री दर १०४ असेल, तर आपल्या चलनाची १,०४० एकके देऊन त्या चलनाची १० एकके मिळतात. तीच लगेच परत विकल्यास हाती ९६० उरतात. कोणतेही शुल्क न आकारता सुमारे पावणेआठ टक्के रक्कम दरांतील तफावतीतच गेली. ‘कमिशन नाही’ असा फलक म्हणूनच फारसे काही सांगत नाही; अमुक रकमेला प्रत्यक्ष हातात किती पडतील, एवढा एकच प्रश्न विचारण्याजोगा असतो. खात्यातील पैशापेक्षा नोटा महाग पडतात, याला कारणेही आहेत. नोटांची वाहतूक, विमा, साठवण व पारख करावी लागते आणि पडून राहिलेल्या नोटांवर व्याज मिळत नाही. विमानतळावरील केंद्रांत यात जागेच्या भाड्याची आणि दुसरा पर्याय नसलेल्या गिऱ्हाइकाची भर पडते.

चोरी आणि हरवणे ही रोकड बाळगण्यातील अडचण जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमधील बँकव्यावसायिकांनी यूरोपातील अनेक शहरांत वटवता येतील अशा सर्क्युलर नोटा काढल्या. टॉमस कुक यांच्या कंपनीने १८७४ मध्ये आपल्या ग्राहकांसाठी तशाच नोटा सुरू केल्या. १८९१ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने आणलेल्या प्रवासी धनादेशाची युक्ती साधी होती. धनादेश घेताना एक सही आणि वटवताना समोरच्याच्या देखत दुसरी. दोन्ही जुळल्या की पैसे मिळत, आणि धनादेश हरवल्यास कंपनी ते भरून देई. विकलेले धनादेश वटेपर्यंत ग्राहकांचा पैसा कंपनीकडे बिनव्याजी राही, हे तिच्या नफ्याचे एक मोठे साधन होते. लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेने २७ जून १९६७ रोजी पहिले रोकड देणारे यंत्र बसवले. पुढे अशी यंत्रे देशोदेशींच्या बँकांना जोडली गेली आणि प्रवासी धनादेश मागे पडला.

विनिमय दरातील चढउताराची धास्ती प्रवाशाला नेहमीच होती असे नाही. १९४४ च्या ब्रेटन वुड्स करारानंतर प्रमुख चलनांचे दर डॉलरशी बांधलेले होते आणि अधूनमधून होणारे अवमूल्यन सोडल्यास ते स्थिर राहत. त्या काळातील खरी अडचण परकीय चलन मिळण्याची होती. ब्रिटनने १९६६ मध्ये परदेशी सहलीसाठी नेता येणाऱ्या रकमेवर दरमाणशी ५० पौंडांची मर्यादा घातली होती, आणि तेथील विनिमय नियंत्रणे पूर्णपणे उठली ती १९७९ मध्ये. अमेरिकेने १९७१ मध्ये डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. त्यानंतर १९७३ पासून मुख्य चलनांचे दर बाजारात ठरू लागले. १ जानेवारी २००२ रोजी यूरोच्या नोटा व नाणी चलनात आली तेव्हा १२ देशांमध्ये फिरणाऱ्याला आपसांतील विनिमयाची गरजच उरली नाही.

कार्डाने केलेल्या खर्चाचे रूपांतर सहसा व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या, कार्डांचे व्यवहार बँकाबँकांत पोहोचवणाऱ्या जाळ्याच्या घाऊक दराने होते आणि हा दर आंतरबँक दराच्या बराच जवळ असतो. खरेदीचा दिवस आणि व्यवहाराची नोंद होण्याचा दिवस वेगळे असल्याने दरात थोडा फरक पडू शकतो; वस्तू परत केल्यास मिळणारी रक्कमही त्यामुळे तंतोतंत जुळेलच असे नाही. त्या दरावर कार्ड देणारी बँक परकीय व्यवहार शुल्क लावते, आणि अनेक बँकांत ते तीन टक्क्यांच्या आसपास असते. एटीएमवर बँकेचे शुल्क आणि यंत्र चालवणाऱ्याचे शुल्क अशी दोन स्वतंत्र शुल्के लागू शकतात. ती दर व्यवहारामागे ठरावीक असल्यास थोडी थोडी रोकड काढणे महागात पडते. क्रेडिट कार्डावर रोकड काढल्यास व्याज सामान्यतः त्याच दिवसापासून सुरू होते, म्हणून त्यासाठी डेबिट कार्डच योग्य. हॉटेले आणि गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपन्या अनामत म्हणून कार्डावरील काही रक्कम अडकवून ठेवतात. हा खर्च नव्हे, पण ती सुटेपर्यंत वापरता येत नाही, आणि डेबिट कार्डाच्या बाबतीत खात्यातील खरा पैसा अडकतो.

प्रवाशाचे सर्वाधिक नुकसान करणारा आणि तरीही सोय म्हणून पुढे केला जाणारा प्रकार म्हणजे व्यवहाराच्या जागीच होणारे रूपांतर. दुकानातील यंत्र किंवा एटीएम परदेशी कार्ड ओळखते आणि रक्कम स्थानिक चलनात आकारावी की कार्डधारकाच्या चलनात, असे विचारते. दुसरा पर्याय निवडल्यास बँकेचा किंवा जाळ्याचा दर बाजूला पडतो आणि दुकानदाराच्या वा यंत्रचालकाच्या सेवादाराने ठरवलेला दर लागू होतो. हा दर बहुधा काही टक्क्यांनी वाईट असतो, आणि शिवाय काही बँका अशा व्यवहारावरही आपले परकीय शुल्क लावतात. अंतिम आकडा आपल्या चलनात समोर दिसतो, हा एकमेव लाभ त्या फरकाच्या मानाने फारच थोडा आहे. एटीएमच्या पडद्यावर ‘रूपांतर नाकारा’ हा पर्याय व्यवहारच रद्द होईल असे वाटावे अशा रीतीने मांडलेला आढळतो. प्रत्यक्षात तो निवडला तरी रोकड मिळते, फक्त हिशेब कार्ड देणारी बँक करते. यूरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेल्या नियमानुसार अशा रूपांतरावरील अधिभार यूरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत टक्क्यांत दाखवणे बंधनकारक झाले.

यंत्रावरील रक्कम वाचतानाही गफलत होते. डॉलर या नावाची आणि त्याच चिन्हाची चलने अनेक देशांत आहेत. म्हणून चलनांसाठीच्या आयएसओ ४२१७ या आंतरराष्ट्रीय मानकातील तीन अक्षरी संकेत पाहणे सुरक्षित. येनला व्यवहारात उपविभाग नाही, तर कुवेती दिनाराचे १,००० फिल्स होतात, त्यामुळे दशांशचिन्हाची जागा सवयीने गृहीत धरता येत नाही.

रोकडीचे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत येता-जाता १०,००० डॉलरपेक्षा अधिक आणि यूरोपीय संघाच्या सीमेवर १०,००० यूरो किंवा अधिक रोकड असल्यास ती जाहीर करावी लागते. ही नेण्याची मर्यादा नसून केवळ जाहीर करण्याची अट आहे, पण ती मोडल्यास रक्कम जप्त होऊ शकते. ट्युनिशियाचा दिनार देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. अशा देशांत शिल्लक चलन परत बदलताना मूळ विनिमयाची पावती मागितली जाऊ शकते. जेथे सरकारी दर आणि बाजारातील मागणी यांत अंतर पडते तेथे समांतर बाजार उभा राहतो. अर्जेंटिनातील ‘ब्लू डॉलर’, म्हणजे तेथील समांतर बाजारातील डॉलरचा दर, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तेथील अंतर एवढे वाढले की २०२२ च्या अखेरीस परदेशी पर्यटकांच्या कार्डांसाठी सरकारी दराहून चांगला असा वेगळा दर लागू करण्यात आला. रस्त्यावरील विनिमयात कायदेभंगाखेरीज बनावट किंवा रद्द झालेल्या नोटा मिळण्याचा धोका असतो.

नोटांचेही आयुष्य असते. ब्रिटनमध्ये २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून बाद झाल्या, जरी बँक ऑफ इंग्लंड त्या बदलून देते. अमेरिकी डॉलरच्या जुन्या नोटा कायद्याने वैधच राहतात. तरीही अन्य अनेक देशांत फाटकी, डाग पडलेली वा शाईने लिहिलेली डॉलरची नोट नाकारली जाते किंवा तिला कमी दर मिळतो. नाणी तर विनिमय केंद्रे बहुधा घेतच नाहीत, त्यामुळे ती देश सोडण्यापूर्वी खर्च करावी लागतात. अनेक विमानकंपन्यांच्या सहकार्याने युनिसेफ १९८७ पासून प्रवाशांकडील अशी उरलेली नाणी व नोटा मुलांच्या कार्यासाठी गोळा करत आली आहे.